भाड्याचा कोट

हे मी आजवर कुणापुढंही काढलेलं नाही. बायकोपुढं नाही, भावकीत नाही. देवाला माणूस मनातल्या मनात सांगतो म्हणतात – मला तेवढंही जमलं नाही. मनातसुद्धा मी ती गोष्ट खोटीच सांगत आलो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीचं माणूस समोर आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

गोष्ट बर्फावरची आहे. आता न्हावऱ्याच्या माणसाचा आणि बर्फाचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आमच्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीतल्या लाकडी पेटीत भुसा लावून ठेवलेली लादी. पण नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी पाटसकडच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून चिकटलो होतो, हंगाम संपून पट्टा पडला होता आणि अंगात मस्ती होती. नितीन आणि दत्ता हे दोघं कारखान्यातले सोबती. त्यांनी टूम काढली – मनालीला जायचं आणि टीव्हीत दाखवतात तसं पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायचं. चौथा आमचा बिरा. बिराला मी घेतलं. हे मुद्दाम सांगतो. त्याला मी ओढून नेलं.

बिरा माझ्या वर्गातला. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, मेंढरं विकून कालव्याखाली जमीन घेतली आणि ते न्हावऱ्यात कायमचे राहिले, तेव्हा तो शाळेत आला. उशिरा आला, पण माझ्या बाकावर बसला तो बसलाच. पुढं तो डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवायला लागला. आम्ही गावचे पाटील. आमच्या घरचा शब्द खाली पडत नसे. त्याच्या घरचा शब्द कुणी उचलतही नसे – मेंढरामागचं पोरगं, एवढीच त्याची किंमत. आम्हा दोघांत मात्र हे कधी आलं नाही, असं मी म्हणायचो. म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या गळ्यात माळ होती. माझा मामा दारूनं गेला. आईनं त्याचा शेवट डोळ्यांनी बघितला होता – बेडशीटला धरून ओरडणारा तिचा पाठचा भाऊ. त्यानंतर तिनं मला बुवांपुढं बसवून माळ घालायला लावली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ह्यानं थेंब जरी घेतला तरी मी अन्न सोडीन. आई बोलायची ते करायची. आमच्या घरात सगळे तिला घाबरून होते, वडीलसुद्धा.

आणि माळ असूनही मी घेत होतो. कारखान्याच्या क्वार्टरवर, दार लावून, माळ काढून खिशात ठेवून. हे फक्त बिराला माहीत होतं. त्यानं मला कधी उपदेश केला नाही. एकदाच म्हणाला होता, "खिशात ठिवल्यानं देवाला दिसत न्हाई व्हय रं?" मी हसलो. तोही हसला.

तर – दौंडला झेलम एक्स्प्रेस पकडली, दिल्लीत उतरलो, तिथून रात्रभर एसटीपेक्षा वाईट बस. बर्फावर जायच्या आदल्या दिवशी मनालीच्या बाजारात बिरानं एक लाल काठाची शाल घेतली. केंदूरच्या सुमनशी त्याची बोलणी चालली होती. पोरगी त्यानं एका लग्नात बघितली होती, घरच्यांनाही पसंत होती, साखरपुड्याचं तेवढं ठरायचं होतं. शाल घेताना त्यानं ती दुकानदाराच्या पोरीच्या खांद्यावर टाकून बघायला लावली आणि इतका लाजला की आम्ही दिवसभर त्याला पिडलं.

एप्रिल होता. खालचा बर्फ वितळून चिखल झालेला, म्हणून जीपवाल्यानं बरंच वर नेलं. वाटेत रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर भाड्याचे कोट मिळतात – ढगळे, कुबट, पाठीवर रंगानं नंबर टाकलेले. ते घातले. प्लॅस्टिकचे जड बूट घातले. शिकवणारा तिथलाच एक पहाडी माणूस होता, तो सारखा म्हणायचा, "घुटना मोड़ो साहब, घुटना." आणि त्यानं आधीच बजावलं होतं की काय ते सकाळीच करा, दुपारी बर्फ सडतो. खरंच तसं होतं. सकाळी काचेसारखा टणक, आणि ऊन चढलं की ओल्या साखरेसारखा. त्यात पाय एकदा गेला की तो कुठं वळेल याचा भरवसा नाही.

मला ते जमलं नाही. एकदाही नाही. उभा राहिलो की बसकण. नितीन आणि दत्तासुद्धा पडत होते, पण ते पडून हसत होते. आणि बिरा? बिरा तासाभरात खाली जायला लागला. लहानपण डोंगरउतारावर गेलेलं, अंगात तोल होता. गुडघे वाकवून, हात पसरून, दात काढत तो माझ्या शेजारून सुळकन जायचा. शिकवणारा त्याला म्हणाला, "वाह उस्ताद!" नितीन मला म्हणाला, "पाटील, तुम्ही बसा आता कडंला, मेंढरं राखा."

गंमत होती हो. साधी गंमत. पण मला ती झोंबली. बिरा माझ्याजवळ आला, हात दिला, माझ्या कोटावरचा बर्फ झटकला – आणि तेच मला जास्त झोंबलं. नितीनचं हसणं मी सहन केलं असतं. बिराची माया नाही सहन झाली. असं का व्हावं? ज्याला आपण हाताला धरून आणलं, त्यानंच आपल्याला हात दिलेला का खुपावा? मी पुष्कळ विचार केलाय यावर. उत्तर मला माहीत आहे आणि ते चांगलं नाही.

दुपारी नितीन-दत्ता एका तंबूत मॅगी खायला बसले. मी तंबूच्या मागं गेलो. टपरीवाल्याकडं रम मिळत होती. माळ काढली, पँटच्या खिशात टाकली आणि चहात घालून घेतली, मग नुसतीच घेतली. उरलेली बाटली कोटाच्या खिशात. वळलो तर बिरा उभा. मीच म्हणालो, "चल, वरच्या उतारावर जाऊ."

त्याला यायचं नव्हतं. वरचा उतार शिकलेल्यांसाठी होता, आणि बर्फ सडला होता. पण मला एकट्याला सोडायचं नाही म्हणून तो आला. वर पोचल्यावर त्यानं मला समजावलं – पोराला समजावतात तसं – की आधी तो खाली जाईल, मधल्या सपाटीवर थांबून हात करेल, मग मी निघायचं. मी मान हलवली.

मी थांबलो नाही. तो सपाटीवर जाऊन माझ्याकडं वळत होता, हात अजून वर गेला नव्हता, आणि मी निघालो. सुसाट. मला वाटलं, एकदा तरी खालच्यांना दाखवावं. थांबता मला येतच नव्हतं, वळताही येत नव्हतं. मी नीट त्याच्या अंगावर गेलो. आवाज झाला – ओला ऊस गुडघ्यावर मोडताना होतो तसा. तो माझ्यातून आला की त्याच्यातून, हे क्षणभर कळलं नाही. मग बिरा ओरडला.

डावा गुडघा. पाय भलत्याच दिशेला होता. मी पडलो होतो, मला खरचटलंसुद्धा नव्हतं, फक्त खिशातली बाटली फुटून रम कोटभर झाली होती. खालून नितीन-दत्ता, तो शिकवणारा, सगळे धडपडत वर येत होते. अजून लांब होते. बिराचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ थरथरत होते. आणि तो काय म्हणाला माहितंय?

"आदी माळ घाल गळ्यात. ते येत्यात."

गुडघा मोडलेला माणूस. मोडणारा मी. आणि त्याला माझ्या माळेची काळजी. मी माळ घातली. तो म्हणाला, "मी घसरलो म्हून सांग. आई जेवायची न्हाई तुझी." एवढं खोटं त्यानं मला दिलं होतं. दिलं होतं, हे लक्षात ठेवा. ते मी चोरलं नव्हतं. पुढचं मात्र माझं.

तो थंडीनं कुडकुडत होता. मी माझा कोट काढून त्याच्या अंगावर टाकला. आता हे मी मायेनं केलं की अंगावरचा वास झटकायला केलं? खूप वर्षं मी स्वतःला सांगितलं – मायेनं. तेवढाच एक चांगुलपणा पदरात असावा म्हणून. आता तसंही छातीठोक सांगवत नाही.

नितीन आला, वाकला, आणि त्याला वास आला. म्हणाला, "बिऱ्या, घेतलीस काय तू?" बिरानं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी माळकरी. माळकरी खोटं बोलत नाही.

मी म्हणालो, "व्हय. नको म्हणत होतो मी."

नको म्हणत होतो मी! नुसतं 'व्हय' म्हणून भागलं नाही मला. वर हा मुलामा. शेण खायचं तर ते ताटात वाढून घेतलं मी. बिरानं डोळे मिटले. मला वाटलं, दुखतंय म्हणून मिटले. असं मला वाटून घ्यायचं होतं.

बिराच्या पायासाठी मी मागं थांबलो, नितीन-दत्ता पुढं गेले; आम्ही गावी आलो तेव्हा गोष्ट आमच्या आधी पोचली होती. नितीन-दत्तानं काही वाईट मनानं सांगितली नव्हती. त्यांना ती मौज वाटत होती. बिऱ्या पिऊन बर्फावर नाचत होता आणि पाय मोडून घेतला – असं चावडीवर, हॉटेलात, डेअरीच्या रांगेत. मला कुणी विचारलं तर मी नुसता उसासा टाकायचो. उसासा बरा पडतो. उसाशात खोटं सापडत नाही कुणाला. आई म्हणाली, "त्याच्या नादी लागू नगंस." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत होतो.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरायचं होतं. आमच्याकडं सोयरीक जुळवायची तर पाहुणे नुसतं घर बघून जात नाहीत. मागाहून कुणीतरी गुपचूप येतं, मुलाच्या जवळच्या माणसाला गाठतं आणि विचारतं – व्यसन? राग? संगत? याला चौकशी म्हणतात. पत्रिकेपेक्षा तिला मान. माझ्या चौकशीला माझे आताचे चुलतसासरे आले आणि ते नेमके गेले बिराकडं. पायाला प्लास्टर, बाजेवर पडलेला. त्यांनी विचारलं, दोस्त कसा आहे तुमचा? हे मला लग्नानंतर त्यांनीच कौतुकानं सांगितलं. बिरा म्हणाला होता, "त्याच्या गळ्यातली माळ बघा की पाव्हणं. सोन्यावानी माणूस हाय."

माझं लग्न झालं. बिरा कुबडी घेऊन आला, एका कडेला बसून जेवला. वाढप्यानं त्याला चेष्टेनं विचारलं, "मठ्ठा चालंल का दुसरं काय आणू?" पंगत हसली. मी नवरदेव होतो, मला ऐकू आलं नाही असं धरून चालू. चालतंय ना तुम्हाला? मला चाललं.

आता खरी गोष्ट. आत्तापर्यंतची – तुम्ही म्हणाल – घाबरट पोराची चूक. तरुण होता, आईचा धाक होता. नाही. थांबा. मला इतक्यात सोडू नका.

दिवाळी झाली. बिराचं प्लास्टर निघालं होतं, पाय मात्र आखडला तो आखडलाच. चालताना तो डावीकडं झुकायचा, क्लच दाबताना तोंड वाकडं करायचा. केंदूरकडची माणसं लंगडण्याला नाही म्हणाली नव्हती. अपघात कुणालाही होतो, असं सुमनचा बाप म्हणाला होता. पण ते दुसरं, पिण्याचं, त्यांच्या कानावर गेलं होतं. तेव्हा सुमनचे मामा चौकशीला निघाले आणि शहाण्या माणसासारखे आधी बिराकडंच गेले. त्याला तोंडावर विचारलं. बिरा त्यांना म्हणाला, "म्या सांगून तुमाला खरं वाटायचं न्हाई. पाटलाच्या दिगूला इचारा. त्यो हुता तितं."

दिगू म्हणजे मी. त्यानं मला साक्षीदार केलं. साऱ्या गावात एक माणूस त्याला खरं सांगेल असा वाटला, आणि तो माणूस मी.

मामा आमच्या ओसरीवर बसले. धोतर, टोपी, हातात काठी – सरळ माणूस. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, बिरानं कुणाकडं पाठवलं तेही. मग म्हणाले, "पाटील, पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय. एकच सांगा. पोरगं पितंय का?"

किती सोपं होतं. नाही म्हणायचं होतं. त्यानं उभ्या आयुष्यात थेंब घेतला नाही. मग ते म्हणाले असते, मग गावात असं का म्हणतात? आणि मी म्हणालो असतो – मी सांगितलं म्हणून.

आई चहा घेऊन दारात उभी होती. कप हातात, उंबऱ्याच्या आत. तिनंही प्रश्न ऐकला होता. तीही माझ्या तोंडाकडं बघत होती – माझ्या गळ्याकडं म्हणा.

मी म्हणालो, "थंडी फार होती हो मामा. घेतली असंल थोडी."

थोडी! बघा ना, कसा दयाळू झालो मी. मित्राची बाजू घेतल्यासारखं बोललो. मामांनी काठीच्या टोकाकडं बघितलं, चहा घेतला, बशी खाली ठेवली. जाताना म्हणाले, "तुमी दोस्त असून लपावलं न्हाई, ह्ये बरं केलं." माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात अजून जळतो, असं म्हणणार होतो. खोटं आहे. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी मी पोटभर जेवलो.

दोन-तीन दिवसांनी बिरा रस्त्यात भेटला. टेम्पो थांबवला, उतरला नाही. म्हणाला, "केंदूरवाल्यांनी न्हाई म्हून कळावलं." आणि माझ्याकडं बघत बसला. रागानं नाही. काहीतरी ऐकायला थांबलेला माणूस बघतो तसा. मी म्हणालो, "जाऊ दे. दुसरी मिळंल." त्यानं तोंड वाकडं करून क्लच दाबला आणि गेला.

दुसरी मिळाली नाही. पहिल्या ठिकाणानं का सोडलं, हे प्रत्येक ठिकाणानं विचारलं आणि उत्तर गावात तयार होतं. सुमन भोरकडं दिली, तिला पोरं झाली. बिरा आई-आप्पांचं करत राहिला. ती लाल काठाची शाल मी पुढं त्याच्या आईच्या डोक्यावर बघितली, सकाळी शेण उचलताना घेतलेली. त्याला कळलं होतं का? मामा काय म्हणाले असतील त्याला? मी कधी विचारलं नाही. तो दुधाला यायचा, मी गावी असलो की दूध घालायचो. ऊन, पाऊस, पाण्याची पाळी – एवढंच बोलायचो. गावात दोस्तीचं उदाहरण द्यायचे आमच्या. दारुड्यालाही पाटलानं सोडलं नाही, म्हणायचे.

मग बऱ्याच वर्षांनी आई गेली. वय झालं होतं, झोपेत गेली. जाईपर्यंत तिला वाटत होतं की तिचा मुलगा निर्मळ आहे. माळेमुळं आईला शेवटपर्यंत अन्न गोड लागलं, असंही मी मनाला सांगून बघितलं. ते पटलं नाही.

मी एकुलता एक. विस्तवाचं मडकं धरून मी पुढं, मागं तिरडी. बिरा खांद्याला होता. तो आधीच येऊन थांबला होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. डाव्या पायावर भार आला की तो झुकायचा, आणि त्याच्याबरोबर तिरडीची ती बाजू झुकायची. पावलागणिक. मला मागचं दिसत नव्हतं, पण कुजबुज ऐकू येत होती. मग कुणीतरी मोठ्यानंच म्हणालं, "आज तरी घ्यायची न्हाई राव. मयताला आलाय." आणि दुसरा म्हणाला, "सर, सर बाजूला. पाडशील म्हातारीला." थोडी ओढाताण झाली. बिराला खांद्यावरून काढलं आणि दुसरा कुणी शिरला. मागची पावलं सरळ पडायला लागली.

मडकं धरणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं, असं मला निघताना सांगितलं होतं. पण मी वळलो नाही तो काही त्यासाठी नाही. इतकी वर्षं आईचं नाव पुढं केलं होतं. आता ती तिरडीवर होती, तिच्या कानावर काहीच जाणार नव्हतं. मला भ्यायला कुणी उरलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, सारा गाव ऐकायला होता.

मी पुढं बघून चालत राहिलो.